मुंबई पाहायची तर वाडीत मुक्काम करून

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुट्टीत मुंबईला जाणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा कार्यक्रम छापून आला होता. गेटवे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली, सिद्धिविनायक, सगळे त्यात होते. मुक्कामासाठी मात्र विमानतळाजवळची किंवा कुलाब्याची हॉटेले एवढेच सुचवले होते. दिवसभर काय पाहिले याइतकेच रात्री कुठे उतरलो यावर शहर किती कळले ते ठरते, म्हणून हे पत्र.

आमच्या मिरज-सांगलीकडचा माणूस पूर्वी मुंबईला निघाला की मुक्कामाचा प्रश्नच नसायचा. कुणाचा मामा गिरगावात फणसवाडीत, कुणाची मावशी तिथेच मुगभाटात. दोन खोल्यांत सात माणसे राहत असली तरी आठव्याची गादी गॅलरीत पडायची. ज्यांचे नातेवाईक नव्हते त्यांचीही सोय होती. कोकणातल्या कितीतरी गावांनी मुंबईत वर्गणी काढून गावाच्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांसाठी धोबीतलाव परिसरात त्यांच्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने, होते. महाराष्ट्राने मुंबई ओळखली ती अशा घरांतून. पहाटे नळाला पाणी येताना होणारी गडबड, लोकलची वेळ सांभाळून निघणारी माणसे, संध्याकाळी जिन्यात रंगणाऱ्या गप्पा, हे सगळे पाहुण्याला आपोआप कळायचे. आता मामा डोंबिवलीला गेला, मावशी विरारला. कामासाठी मंत्रालयात, उच्च न्यायालयात किंवा इस्पितळात येणारा माणूस लॉजच्या खोलीत रात्र काढतो आणि मुंबई म्हणजे नुसती गर्दी असे सांगत परततो. याचे मला मनापासून वाईट वाटते.

मी स्वतः ठाकूरद्वारच्या बाजूला एका ओळखीच्या कुटुंबाकडे उतरते आणि राहण्या-जेवण्याचे पैसे रीतसर देते. घरातल्या आजींना सोबत होते, मला घरचे जेवण मिळते. सकाळी लवकर खाली उतरले की गिरगाव पुरते जागे असते. फुलवाल्या बसलेल्या असतात, देवळांतून घंटा ऐकू येतात. विनय हेल्थ होममध्ये मिसळ खावी आणि पायीच निघावे. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची, ओसऱ्यांची जुनी घरे आहेत. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. एकेकाळी साठाहून अधिक असलेल्या या घरांपैकी आता निम्मीही उरलेली नाहीत. माशाच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेले तिथले अनंताश्रमही बंद झाले. (वाडीत जाणाऱ्यांनी एवढे पाळावे, ती राहती घरे आहेत. ओसरीवर बसलेल्या माणसांचे फोटो त्यांना न विचारता काढू नयेत.) मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली ज्या केशवजी नाईक चाळीत सुरू झाला, ती इथेच. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. चौपाटीवर जिथे १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले, तिथे त्यांचा पुतळा आहे. तिथून गांधीजींचे मणिभवनही पायी जाण्याइतके जवळ. यातले काहीही बसच्या खिडकीतून समजत नाही. चाळीतला एखादा माणूस सोबत निघाला आणि ‘आमचे आजोबा या गणपतीला...’ असे म्हणत बोलू लागला की मगच ते कळते.

गिरगाव गैरसोयीचे, असे म्हणायलाही आता जागा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरले की मेट्रोने काळबादेवी आणि त्यापुढचे स्थानक गिरगाव. त्याच गाडीने सिद्धिविनायकाला, दादरला आणि थेट विमानतळाला जाता येते. या मेट्रोसाठी काळबादेवी-गिरगावातल्या अनेक जुन्या इमारती रिकाम्या झाल्या आणि तिथल्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे त्रास सोसला. मेट्रोने येणाऱ्या पाहुण्याचे चार पैसे त्यांच्या घरी गेले पाहिजेत.

अशी सोय वाढावी असे म्हणताना मला एक धोकाही दिसतो. वस्तीतली अख्खी घरेच पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने जाऊ लागली की मूळ रहिवाशांना घरे परवडेनाशी होतात. बार्सिलोनाने हे भोगले. तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केले की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवले जातील. गिरगावातून आधीच पुष्कळ माणसे बाहेर गेली आहेत, उरलेलीही अशी जायला नकोत. म्हणून घरमालक त्याच घरात राहत असेल तरच पाहुणे ठेवण्याची परवानगी असावी. केंद्राच्या ‘अतुल्य भारत’ निवास-न्याहारी योजनेत मालकाने कुटुंबासह तिथेच राहण्याची अट आहे आणि खोल्यांची मर्यादा सहा. ही अट मला अगदी योग्य वाटते.

आपल्या राज्यातही पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. कोकणातल्या समुद्रकाठच्या गावांत तिचे फलक दिसतात, पण गिरगाव, दादर, परळच्या चाळींमध्ये ती आपल्यासाठी आहे असे कुणाला वाटतच नाही. मुख्य अडचण पागडीची, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेल्या जुन्या घरांची. भाडेकरूने पैसे घेऊन पाहुणा ठेवला तर जागामालक पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा लावेल, या भीतीने माणसे मागे सरतात. सोसायट्यांमध्ये शेजाऱ्यांचा सुरक्षिततेबाबतचा आक्षेप असतो आणि तोही चुकीचा नाही. पागडीच्या घरात एखादी खोली पाहुण्याला देता येईल का, कुणाची लेखी संमती लागेल, पोलीस ठाण्यात नोंद कशी करायची, हे शासनाने सोप्या मराठीत एका पानावर छापून चाळीचाळींत लावावे. मुले परगावी गेलेल्या, मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना यातून मिळकत होईल आणि घरात बोलायला माणूस मिळेल.

आपल्यालाही एक विनंती. पुढच्या सुट्टीच्या पुरवणीत हॉटेलांच्या यादीशेजारी मुंबईतल्या नोंदणीकृत निवास-न्याहारी घरांची यादी वस्तीनिहाय छापावी. दिवाळीच्या सुट्टीआधी छापलीत तर आमच्या भागातल्या अनेक कुटुंबांना तिचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज