धावपट्टी उखडण्याआधी नोंद हवी

महोदय,

जुन्या, पडीक धावपट्ट्यांवर नवे विमानतळ उभारण्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. विमानतळ जरूर व्हावेत. पण कामाला हात लागण्याआधी त्या जागेवर काय घडले याची नीट नोंद व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र.

मी हवाई दलात आर्मरर होतो. विमानांवरच्या तोफा आणि दारूगोळा आमच्याकडे असे. पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा हवाई तळावर असताना ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातले रासगोविंदपूर पाहून आलो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या हवाई तळाचे नाव अमरदा रोड. तीन किलोमीटरहून लांब धावपट्टी, आणि तिच्यावर गावकऱ्यांनी भात वाळत घातलेला. काँक्रीटच्या भेगांतून झुडपे वर आलेली.

1943 मध्ये इथे हवाई लढाईचे प्रशिक्षण केंद्र निघाले. प्रमुख होते फ्रँक केरी, ब्रिटनच्या लढाईत आणि नंतर ब्रह्मदेशात लढलेले. जपानी ‘ऑस्कर’ लढाऊ विमान हलके आणि झटकन वळणारे. त्याच्याशी वळणांची बरोबरी करायला जाणारा ब्रिटिश ‘हरिकेन’ लढाऊ विमानाचा वैमानिक हमखास अडकायचा. म्हणून इथे डावपेच नव्याने शिकवले जात आणि नेमबाजी घोटून घेतली जाई. नेम शत्रूच्या विमानावर धरायचाच नाही; गोळी पोहोचेल तेव्हा ते जिथे असेल तिथे धरायचा. असल्या सरावात एक विमान लांब दोराला बांधलेले कापड ओढत नेते आणि बाकीचे त्यावर मारा करतात. प्रत्येकाच्या गोळ्यांच्या टोकांना वेगळा रंग लावलेला असतो. कापड खाली आले की भोकाच्या कडेला लागलेला रंग बघून कोणाच्या किती लागल्या ते मोजायचे. हे काम मी स्वतः केले आहे. आपल्या हवाई दलाचे वैमानिकही अमरदा रोडला शिकून गेले.

26 जुलै 1945 रोजी सरावात दोन लिबरेटर बॉम्बर एकमेकांवर आदळली आणि 14 जण गेले. तीन आठवड्यांत जपानने शरणागती पत्करली. ही मुले लढाईत नाही, शिकताना गेली, म्हणून त्यांची आठवण मागे पडावी हे मला पटत नाही.

नाशिककरांना हे परके वाटू नये. तोफखान्याची शाळा 1941 मध्ये काकुलहून (आता पाकिस्तानात) देवळालीला आली ती याच युद्धात. देवळाली, भगूर, नाशिक रोड भागातल्या कितीतरी घरांत त्या काळची पासबुके, फोटो, वैमानिकांच्या लॉगबुका असतील. घर बदलताना त्या रद्दीत जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्या मागवून स्कॅन करून ठेवाव्यात आणि आपल्या वृत्तपत्राने तसे आवाहन छापावे, ही विनंती. रासगोविंदपूरचे माझ्याकडचे फोटो मी द्यायला तयार आहे.

— एक निवृत्त वायुसैनिक, जेल रोड, नाशिक रोड