लेहच्या सहलपत्रकात मुक्कामाची उंची छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर पुण्यात लेह-लडाखच्या सहलींच्या जाहिरातींना ऊत येतो. सहा रात्री-सात दिवसांत खार्दुंग ला ही खिंड, नुब्रा खोरे, पँगाँग सरोवर, झांस्कर नदीतले राफ्टिंग आणि खिंडीतून सायकलने उतरणे, असे सगळे कोंबलेले असते. हॉटेल किती तारांकित आणि नाश्त्याला काय, हे पत्रकात सविस्तर सापडते. रात्री किती मीटर उंचीवर झोपायचे आहे, हे मात्र सहसा दिसत नाही. प्रत्येक मुक्कामापुढे तो आकडा छापावा, अशी सहल कंपन्यांना या पत्रातून कळकळीची विनंती आहे.

पुणे साधारण ५६० मीटरवर. दिल्लीला विमान बदलून माणूस दुपारच्या आत ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये पोहोचतो आणि तिथे समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशच ऑक्सिजन वाट्याला येतो. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच. त्यामुळे दर रविवारी सिंहगड करणाऱ्याचा दमसास वाढतो, पाय तयार होतात, पण उंचीची सवय होत नाही. किंबहुना अशी धडधाकट मंडळीच पहिल्या संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या भराभर चढतात आणि रात्री डोके धरून बसतात.

म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच आणि रिकामे हवेत. पहिल्या दिवशी विश्रांती, दुसऱ्या दिवशी बाजारात रमतगमत फेरी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या कडेने निमू, अल्चीकडे जावे, कारण तो भाग लेहपेक्षा खाली आहे. नुब्रातले हुंदर, डिस्कितही लेहहून खाली, ३,१०० मीटरच्या आसपास, पण तिथे जायला ५,३५९ मीटरची खार्दुंग ला ओलांडावी लागते. तेव्हा ते चौथ्या दिवसानंतर. सुमारे ४,२५० मीटरवरच्या पँगाँगचा मुक्काम सर्वांत शेवटी. हातात सातच दिवस असतील तर पँगाँगवर पाणी सोडावे, लेहमधल्या विश्रांतीवर नव्हे.

आपल्याकडची बरीच मंडळी रुमालात कापराची पुरचुंडी बांधून नेतात. कापराने नाकात गार वाटते, श्वास मोकळा झाल्याचा भास होतो, पण रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. ऑक्सिजनच्या छोट्या डब्याचा आधारही काही मिनिटांपुरताच. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, खरोखर उपयोगी पडते. प्रतिबंधासाठी प्रौढांना साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून देतात. मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ती आवर्जून सांगावी. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते. त्याला घाबरून ती मध्येच सोडू नये.

राफ्टिंग आधी करावे की सायकल, याला सरळ उत्तर आहे: आधी राफ्टिंग. झांस्करवरचा चिलिंग ते निमू हा टप्पा लेहपेक्षा कमी उंचीवर आहे. जुलै-ऑगस्ट हा त्याचा हंगाम. पाणी हिमनद्यांचे असल्याने उन्हाळ्यातही बर्फगार, म्हणून वेटसूटशिवाय, म्हणजे अंगाची ऊब टिकवणाऱ्या रबरी पोशाखाशिवाय, उतरू नये. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला ते खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगावे. कानांपर्यंत सरकले तर ढिले आहे. पाण्यात पडल्यास उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत आणि तळाशी पाय रोवायचा प्रयत्न करू नये, कारण पाय खडकात अडकला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो. पोहता न येणाऱ्यांसाठी सिंधूवरचा फे ते निमू हा सौम्य टप्पा बरा.

खार्दुंग लावरून लेहपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये सायकल १,८५० मीटर उतरते. दम लागत नाही, कस लागतो तो ब्रेकचा. लेहमध्ये सायकल जीपवर चढवण्याआधीच ब्रेकची दांडी दाबून पाहावी. ती हँडलच्या मुठीला टेकत असेल तर दुसरी सायकल मागावी. ब्रेक पॅड झिजलेले नाहीत ना आणि चाक जागेवर धरून ठेवणारी कळ घट्ट आहे ना, तेही तपासावे. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला तर डिस्क तापते आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करावा आणि मग सोडून द्यावेत. बोटे गारठली की ब्रेक दाबला जात नाही, म्हणून पूर्ण बोटांचे, वारा अडवणारे हातमोजे हवेतच. वरच्या भागात दुपारी बर्फ वितळून रस्त्यावर ओहोळ वाहतात, त्यामुळे सकाळी लवकर निघावे. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटांहून अधिक रेंगाळू नये. जरा जरी डोके दुखत असेल तर वाटेतल्या साउथ पुल्लू या चौकीपासून, म्हणजे शेवटचे २४ किलोमीटरच सायकल चालवावी.

डोकेदुखीसोबत मळमळ, भूक नसणे, गळून जाणे असेल तर आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप, थांबत नसलेला खोकला किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटे टेकवत सरळ रेषेत चालता न येणे, ही लक्षणे जिवावर बेतणारी. अशा वेळी सकाळची वाट न पाहता खाली उतरवावे लागते आणि इथेच पँगाँगची मेख आहे. तिथून लेहला यायचे तर आधी चांग लाची खिंड, म्हणजे ५,३०० मीटरहून अधिक, वर चढावे लागते. दुरबुक, श्योकमार्गे नुब्रात उतरणारा रस्ता उंच खिंड टाळतो आणि डिस्कितला सरकारी रुग्णालय आहे, पण श्योकच्या पाण्याने तो कधी कधी तुटलेला असतो. म्हणून पँगाँगला निघण्याच्या सकाळी चालकाला त्या रस्त्याची स्थिती विचारून घ्यावी. बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात किमान दोघांकडे पोस्टपेड असू द्यावे.

— एक गिर्यारोहण प्रशिक्षक, कोथरूड, पुणे