न पटणाऱ्या कवीबद्दल कसं लिहावं, हे दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक डॉ. सॅम्युएल जॉन्सनने लिहिलेलं, सतराव्या शतकातला कवी जॉन मिल्टन याचं चरित्र तुम्ही माझ्याकडून वाचून घेतलंत, त्याबद्दल हे पत्र. फोनवर आभार मानले असते तर तुम्ही ‘असू दे गं’ म्हणून विषय बदलला असतात. शिवाय तुमच्या हाताखाली शिकलेले पुष्कळ जण इथे भेटतील, त्यांच्या देखत हे म्हणावंसं वाटलं.

दिवाळी अंकासाठी एका दिवंगत कवीवर लिहायचं होतं. त्यांच्या कविता मला पाठ आहेत आणि त्यांचं राजकारण मला कधीच पटलेलं नाही. हे दोन्ही एका लेखात कसं मांडायचं, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाहीत, कपाटातून जॉन्सन काढून दिलात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत त्याच्यावर लिहिलं, ‘रासेलस’ ही त्याची कादंबरी चिपळूणकर बापलेकांनी मिळून मराठीत आणली, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. मराठी माध्यमातून आलेल्या मला त्याची लांबलचक वाक्यं धास्तीच घालायची. तुम्ही मोठ्याने वाचायला लावलंत आणि प्रत्येक वाक्य कुठे वळतं तिथे थांबवलंत. त्या वळणावरच त्याचं मत असतं, हे मला तुमच्यासमोर बसून कळलं.

लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनी 1777 मध्ये जॉन्सनकडे इंग्रजी कवींच्या संग्रहासाठी लहानशा प्रस्तावना मागितल्या. त्याने दोनशे गिनी सांगितले आणि लिहिता लिहिता प्रस्तावनांची चरित्रं झाली. मिल्टनचं 1779 मध्ये छापून आलं. जॉन्सन राजनिष्ठ, प्रस्थापित चर्चला मानणारा, राजाकडून वर्षाला तीनशे पौंडांचं वेतन घेणारा. मिल्टनने तर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या शिरच्छेदाचं लेखणीने समर्थन केलेलं आणि नंतर आलेल्या क्रॉमवेलच्या राजाविना राजवटीत चाकरी केलेली. हा राग जॉन्सन क्षणभरही लपवत नाही. देशबांधव स्वातंत्र्यासाठी झगडताहेत म्हणून मिल्टन इटलीहून परततो आणि घरी येऊन मुलांची शिकवणी सुरू करतो, यावर तो चांगलाच टोमणा मारतो. पण लगेच बजावतो की शिकवणं हे काही कमीपणाचं काम नव्हे. (तो स्वतः एडियल गावी शाळा काढून बसला होता, हे तुम्ही तिथेच सांगितलंत.) घरातल्या मिल्टनबद्दल तर तो फारच कठोर आहे. स्वतःला न समजणाऱ्या भाषांमधले ग्रंथ आंधळ्या बापाला वाचून दाखवणाऱ्या मुली त्याला विसरता येत नाहीत. स्त्री आज्ञा पाळण्यासाठी आणि पुरुष बंड करण्यासाठी जन्मला, असंच मिल्टनला वाटे, असं तो लिहितो.

मिल्टनच्या ‘लिसिडस’ या कवितेवरचा जॉन्सनचा निकाल मला आजही मान्य नाही. समुद्रात बुडालेल्या एडवर्ड किंगवरची ही विलापिका 1638 मध्ये छापली गेली. जॉन्सनला तिची भाषा कर्कश वाटते आणि मेंढपाळांचं सोंग शिळं. खरं दुःख झालेला माणूस वनदेवतांना हाका मारत बसत नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. त्या कवितेचा नाद त्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही, असं मी ठामपणे म्हटलं. तुम्ही वाद घातला नाहीत. त्याचीच रॉबर्ट लेव्हेटवरची कविता समोर ठेवलीत.

लेव्हेट लंडनच्या गरिबांवर उपचार करत हिंडणारा, जॉन्सनच्याच घरात राहणारा माणूस. तो 1782 मध्ये गेला. त्या कवितेत देवता नाहीत, कळप नाहीत. अंधाऱ्या खोल्यांत जाऊन, देता येईल तेवढ्याच पैशांवर रुग्ण पाहणारा एक अबोल माणूस आणि त्याचं रोजचं काम, एवढंच आहे. शोकगीताकडून जॉन्सन जे मागत होता ते त्याने स्वतः लिहून दाखवलं होतं. ‘लिसिडस’ मला अजूनही तितकीच प्रिय आहे, पण त्याचा आक्षेप आता मी झटकून टाकू शकत नाही. समीक्षकाला चूक म्हणण्याआधी तो कवितेकडे काय मागतो ते शोधायचं, ही सवय मला तुम्ही लावलीत.

आणि मग ‘पॅरडाइज लॉस्ट’, मिल्टनचं महाकाव्य. हे पुस्तक वाचक कौतुकाने खाली ठेवतो आणि पुन्हा उचलायला विसरतो, असं म्हणणारा जॉन्सनच ते लिहिणाऱ्या माणसापुढे नम्र होतो. पाच पौंड हातात घेऊन हस्तलिखित देणारा, दृष्टी गेलेला, हरलेल्या पक्षाचा मिल्टन तो डोळ्यांसमोर आणतो. शांत, खचून न गेलेला, पुढच्या पिढीच्या निवाड्याची वाट पाहणारा. राजकारणातल्या वैऱ्याबद्दल इतकी मायेने लिहिलेली वाक्यं मी क्वचितच वाचली आहेत. अवघड ते करण्यासाठीच हा माणूस जन्मला होता, असं शेवटी म्हणतो आणि त्याचं काव्य सर्वश्रेष्ठ महाकाव्य नाही ते केवळ पहिलं नाही म्हणून, असं सांगून थांबतो.

पण तुम्ही मला सर्वांत जास्त वेळ थांबवलंत ते एलिझाबेथ फॉस्टरपाशी. मिल्टनची ही नात किरकोळ सामानाचं दुकान चालवून गुजराण करत होती. तिच्या मदतीसाठी 1750 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात मिल्टनच्या ‘कोमस’ या नाट्यकृतीचा प्रयोग झाला. त्याचं प्रास्ताविक काव्य जॉन्सनने लिहिलं आणि नट डेव्हिड गॅरिकने, एडियलच्या त्याच्या विद्यार्थ्याने, म्हटलं. चरित्रात जॉन्सन उत्पन्नाचा आकडा देतो, 130 पौंड. ‘पॅरडाइज लॉस्ट’मुळे कवीच्या वंशजांना मिळालेली ही सर्वांत मोठी मदत, असं नोंदवतो आणि तिला हातभार लावणं हा आपला सन्मान मानतो. मिल्टनच्या मतांशी उभा दावा असलेल्या माणसाने हे तीस वर्षं मनात जपलं होतं.

बाई, त्यानंतर माझा लेख मी निर्धास्तपणे लिहिला. त्या कवींच्या भाषणांतलं जे घातक वाटतं ते घातक म्हटलं, उतारे देऊन. ज्या कवितांनी मला वाढवलं त्यांच्याबद्दल हात आखडता घेतला नाही. एकाने दुसऱ्याची भरपाई करायची नाही, हे जॉन्सनकडून घेतलं, आणि जॉन्सन तुमच्याकडून.

आता त्याच संग्रहातलं, कवी काउलीचं चरित्र हाती घेतलंय. जॉन्सनला स्वतःला तेच सर्वांत सरस वाटे म्हणतात. जॉन डन आणि त्याच्या पठडीतल्या कवींवरची पानं सुरू झाली आहेत आणि शंका भरपूर आहेत. तुमचे डोळे आता थकतात, तेव्हा वाचायचं मी, तुम्ही फक्त ऐका आणि थांबवा. रविवारी सकाळी आले तर चालेल ना?

तुमची विद्यार्थिनी