दादा, तुमचे आभार मानायचे राहून गेले होते

दादा, सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी तुम्ही आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरांसाठी बोरिवलीहून फोर्टला आलात, चार तास बसलात आणि चहाखेरीज काही घेतलं नाहीत. मी घाईत नुसतं "थँक्यू हं" म्हटलं. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण छोट्या ऑफिसात हिशेब सांभाळून कॉम्प्युटरही बघणाऱ्या माझ्यासारख्या खूपजणी आहेत.

आमचं सीएचं ऑफिस, बावीस मशीन. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख तोंडावर आलेली आणि रोज सकाळी तेच: "ताई, झेड ड्राइव्ह दिसत नाही." झेड ड्राइव्ह म्हणजे सर्व्हरवरचं आमचं सामायिक फोल्डर. टायपिंगच्या काकू तर ड्राइव्हवर लाल फुली दिसली की हात मांडीवर ठेवून गप्प बसायच्या. मग मी टेबलाटेबलाला जाऊन फोल्डर पुन्हा जोडायचे. त्यात अर्धा तास जायचा.

तुम्ही आधी जुनी लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे लॉगिन करताच आपोआप चालणारी फाइल, नोटपॅडमध्ये उघडलीत. ड्राइव्ह जोडणाऱ्या 'नेट यूज'च्या ओळीत अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याचा पासवर्ड सरळ लिहिलेला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त त्यावर बोट ठेवलंत. सर्व्हरवरच्या नेटलॉगॉन फोल्डरमधली ती फाइल लॉगिन करणारा कुणीही वाचू शकतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्या अंगावर काटा आला. क्लायंटांचे कागद माझ्या भरवशावर असतात हो.

मग तुम्ही मलाच माउस हातात घ्यायला लावलंत. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या मशीनना एकाच जागेवरून नियम लावायच्या सोयीत, ड्राइव्ह जोडायच्या 'ड्राइव्ह मॅप्स'मध्ये 'रिप्लेस' नको, 'अपडेट' ठेवा म्हणालात. रिप्लेस आहे तो ड्राइव्ह काढून पुन्हा जोडतो, अपडेट हवा तेवढाच बदल करतो. आयटम लेव्हल टार्गेटिंगने, म्हणजे कुणाला कोणता ड्राइव्ह जोडायचा ते ठरवून, ऑडिटच्या ग्रुपला ऑडिटचं फोल्डर, पगाराचं फक्त पगार बघणाऱ्या आम्हा दोघींना. पासवर्ड कुठेच नाही, ज्याचं लॉगिन त्याचाच हक्क. पूर्वी इथेही पासवर्ड ठेवता यायचा. तो उलगडायची किल्ली जगजाहीर असल्याने मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये ती सोय बंद केली, हेही तुम्हीच सांगितलंत.

तरी दोन मशीनवर ड्राइव्ह येईना. मला रडू यायचं बाकी होतं. विंडोज नेटवर्कची वाट न पाहता आत घेतं, त्यामुळे नवा ड्राइव्ह कधी कधी दुसऱ्या लॉगिनला दिसतो, हे तुम्ही न कंटाळता समजावलंत आणि नेटवर्कसाठी थांबायची पॉलिसी माझ्याकडूनच चालू करून घेतलीत. तुम्ही स्वतः केलं असतंत तर दहा मिनिटांत उरकलं असतं. मला शिकवायला चार तास दिलेत, त्याचेच आभार मला सगळ्यात जास्त मानायचेत. आजवर मला अडाणी न समजता कुणी असं शिकवलं नव्हतं.

जुना पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला. ती स्क्रिप्टही काढून टाकली.

गेल्या सोमवारी एक नवा मुलगा रुजू झाला. आदल्या संध्याकाळीच त्याचं नाव ऑडिटच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. सकाळी त्याने लॉगिन केलं, फोल्डर समोर हजर. तो लगेच कामाला लागला. मी लांबून बघत होते आणि तुमची आठवण आली.

तुमची,
फोर्टच्या ऑफिसातली ताई