फादर, तुमच्या बदलीचं कळलं

फादर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला धाकट्या भावानं सांगितलं. बिशपांचं पत्र आलं, तुम्ही दोन बॅगा भरल्या आणि किल्ल्यांचा जुडगा नव्या फादरांच्या हाती दिलात. निरोपसमारंभ नको म्हणालात म्हणे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे ते तरी तुम्हाला थांबवता यायचं नाही.

तुमचं नाव लिहीत नाही, त्या डोंगरावरच्या मरियेच्या तीर्थस्थानाचंही नाही. तुम्हीच एकदा म्हणाला होतात की लोक मरियेकडे येतात, फादर काय, बदलत राहतात. हुपरीचं नाव मात्र लिहिणार. आमचा धंदा कळल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

कोल्हापूरजवळच्या आमच्या हुपरीत घराघरात चांदी असते, पण बहुतेक वेळा ती त्या घराची नसते. व्यापारी चांदी वजनावर देतो. ती आटवायची, तार ओढायची, पैंजण घडवायचं आणि घट, म्हणजे कामात झिजणारी चांदी, धरून तेवढ्याच वजनाचा माल परत द्यायचा. आपली फक्त मजुरी. धाकट्यानं पोरीच्या ऑपरेशनसाठी अशी दुसऱ्याची चांदी विकली. देणं रुपयांत असतं तर कसंबसं फिटलं असतं. देणं होतं वजनात. चांदीचा भाव चढत चढत किलोला लाखाच्या पुढं गेला. ह्यानं नवं काही घेतलं नव्हतं, तरी देणं वाढतच होतं. व्यापाऱ्यानं माल द्यायचं बंद केलं, म्हणजे फेडायची वाटही बंद. एक दिवस कागलला जाऊन येतो म्हणून निघाला तो आलाच नाही.

मग तुमचा फोन आला. "तुमचा भाऊ इथं आहे. जेवलाय. आज निघू नका, त्याला जरा राहू द्या." मी घाईघाईनं पैशाचं विचारलं, तेव्हा तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत की तीर्थस्थानाच्या पैशातून देता येणार नाही, आणि स्वतःजवळ देण्याजोगं काही नाही. फादर, त्या स्पष्टपणाबद्दल पहिले आभार. त्या दिवसांत आम्हाला "बघू, करू" म्हणणारे पुष्कळ भेटत होते.

यात्रेच्या ठिकाणचा फादर म्हणजे गडगंज, असं आमच्याकडे कितीतरी जणांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं. तुमच्या टेबलावरची वही धाकट्यानं बघितली, तेव्हा कळलं. कुणाच्या नावानं मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, सांगितली, किती दान आलं, ती कधी झाली, सगळं त्यात लिहावं लागतं. रविवारी दोन-तीन मिस्सा केल्या तरी फादरनं स्वतःसाठी दान ठेवायचं ते एकाच मिस्सेचं, बाकीचं बिशप सांगतील त्या कामाला. नाताळचा दिवस तेवढा वेगळा. चर्चच्या कायद्यातच हे लिहिलेलं आहे म्हणे. सोनाराच्या पोराला हिशेबाची वही कळते. धाकटा म्हणाला, "दादा, ह्या माणसाकडं खोट नाही."

तुम्ही त्याला उपदेश केला नाहीत, काम दिलंत. लोक मेणबत्ती लावतात आणि पुढं सरकतात, मागचा गर्दीत जागा मागत असतो, म्हणून अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या गोळा कराव्या लागतात. ते मेण वितळवायचं काम त्याला मिळालं. आटणीवर हात बसलेला माणूस, मेण त्याला काय जड! नंतर तुम्ही नवसाचं कपाट त्याच्यापुढं उघडलंत. चांदीचे हात, पाय, डोळे, पाळणे. त्यानं कसोटी लावली आणि यातलं बरंच जर्मन सिल्व्हर आहे, चांदी नाहीच, असं सांगितलं. तुम्ही म्हणालात, असू दे, सगळंच जसंच्या तसं ठेव. नवसाच्या वस्तू लोकांना दिसतील अशा ठेवायच्या आणि नीट राखायच्या, हाही तुमच्याकडे नियमच. खोट्या चांदीचा एवढा मान आम्ही हुपरीत कधी बघितला नव्हता, आणि धंद्याच्या दृष्टीनं तो परवडणाराही नाही.

सप्टेंबरची यात्रा त्यानं तुमच्याबरोबर काढली. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिवस, त्याआधी ३० ऑगस्टपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना. वांद्र्याचा डोंगर, तमिळनाडूतलं वेलंकणी, श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाऊली, सगळीकडे याच सुमाराला गर्दी. आम्ही चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचवणारी माणसं. यात्रा म्हणजे गुलाल, खोबरं आणि चांगभलं एवढंच आम्हाला ठाऊक. मागचं काम कोण करतं हे कधी विचारलं नव्हतं. पहाटे दार उघडून एकट्यानं प्रार्थना म्हणायची, मिस्सा करायची, मग टँकरवाल्याशी भांडायचं. संडासाची तुंबलेली पाइप, ग्रामपंचायतीची बैठक, पार्किंगच्या शेतात पावसानं झालेला चिखल, चुकलेल्या म्हातारीच्या नावाची लाउडस्पीकरवरची हाक. मग पुन्हा वेदीवर उभं राहायचं, आणि प्रवचन असं द्यायचं की जसं काही सकाळपासून तेवढंच काम होतं. जेवण झाकून ठेवलेलं असायचं, आणि तुम्ही ते थंड खायचा.

पापनिवेदनाच्या रांगा त्याच्या डोक्यात अजून आहेत. तासन्‌तास लोक येतात, गुडघे टेकतात, कानात सांगतात, हलके होऊन जातात. आणि तुम्ही? त्यानं विचारलं होतं, एवढं सगळं ऐकून तुम्ही कुणाला सांगता? कुणालाच नाही, तुम्ही म्हणालात. फोडलं तर फादरलाच चर्च बहिष्कृत करतं. मग त्यानं विचारलं, मी सांगू का? तुमचं उत्तर त्यानं घरी जसंच्या तसं सांगितलं: "तू ख्रिस्ती नाहीस, हा संस्कार तुला देता येणार नाही. पण पायरीवर बसून ऐकता येईल." रात्री पावसात पत्र्याखाली बसलात. तो काय बोलला ते त्यानं मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही. ख्रिस्ती हो, असं मात्र त्याला कुणी एकदाही म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात काही जणांनी मला तेवढंच विचारलं होतं.

तो यात्रेनंतर घरी आला. तुम्ही आलात पुढच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एसटीनं, घाट चढून. शुक्रवार होता. आई कानकोंडी झाली. कोल्हापुरात पाहुणा आला आणि तांबडा-पांढरा नाही म्हणजे काय! पण शुक्रवार अंबाबाईचा, आमच्या घरी मटण शिजत नाही. ती तुमची माफी मागायला लागली तर तुम्ही हसायलाच लागलात, म्हणालात, आजी, उपवासकाळातल्या शुक्रवारी मलाही चालत नाही. पिठलं-भाकरीवर तुम्हा दोघांची जी गट्टी जमली, ती अजून तशीच आहे.

संध्याकाळी आपण व्यापाऱ्याकडे गेलो. तुम्ही रदबदली कराल, दयेबियेचं काही बोलाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही चहा प्यायलात, त्यांची सगळी तक्रार ऐकून घेतलीत. ती खरीच होती, त्यांचंही भांडवल अडकलं होतं. मग एकच विचारलंत: "हा कामाला बसला नाही तर तुमची चांदी परत कशी येणार?" ते बराच वेळ आकडेमोड करत राहिले. शेवटी म्हणाले, थोडी थोडी चांदी देतो, मजुरीतून वजन कापून घेतो. व्याज सोडलं. व्यापारी माणूस वाईट नव्हता, त्याला कुणीतरी समोर बसून हा हिशेब मांडायला हवा होता. आमच्यातलं कुणी बसलं असतं तर भांडण झालं असतं.

देणं अजून संपलेलं नाही, पण कमी होतंय. पोरगी शाळेत जाते.

धाकटा यंदाही नोव्हेनाला मेणाच्या कामाला जाणार आहे. नव्या फादरांना त्यानं फोन करून विचारलं. ते म्हणाले, तुम्ही जाताना त्याचं नाव वहीत लिहून ठेवलंय, तुंबणाऱ्या पाइपच्या खालच्या ओळीत.

नव्या ठिकाणचा पत्ता कळवा. आईनं कांदा-लसूण चटणी कुटून ठेवलीय, आणि तुम्हाला तिकडं कुणी स्वयंपाक करून देतं का, हे तिला आधी हवंय.

तुमचा,
हुपरीचा थोरला