मीरा, ममी आणि चार मात्रा

प्रिय सुधे,

‘मीरा कामासाठी जपानला चाललीय, तिथे तिच्या नावाचा अर्थ भलताच निघतो, नाव बदलावं का?’ हा तुझा रात्री दीडचा निरोप येऊन तीन आठवडे झाले आणि मी गप्प बसले, याची फार टोचणी आहे. दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं ते, आणि नीट लिहायला बसणं लांबत गेलं. माझी तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू.

आधी मुद्द्याचं: मीराचं नाव बदलू नका. टोपणनावही शोधत बसू नका. ‘जपानीत मीरा म्हणजे ममी’ हे तिला ज्यानं सांगितलं, त्यानं अर्धंच सांगितलं. (ममी म्हणजे इजिप्तमधली, गुंडाळलेली. मम्मी नव्हे. ताईंना हे आधी सांग, नाहीतर त्या ‘किती गोड’ म्हणून गावभर करतील.)

शब्द खरा आहे. पोर्तुगीजांच्या ‘मिर्रा’वरून तो जपानीत गेला, आणि मिर्रा म्हणजे आपला हिराबोळ. प्रेतं टिकवायला हा डिंक वापरत. पुढे ममीची पूड औषध म्हणून जपानात येऊ लागली आणि डिंकाचं नाव प्रेतालाच चिकटलं. त्यांच्यात म्हणसुद्धा आहे, ‘ममी आणायला गेला तो स्वतःच ममी झाला’. म्हणजे शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, तेव्हा कुणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा धरू नये.

पण जपानी कान मात्रा मोजतो, सुधे, आणि सगळी गंमत तिथे आहे. वृत्तं शिकताना लघूची एक आणि गुरूच्या दोन मोजायचो ना, अगदी तसंच. आपली मीरा गुरू-गुरू, चार मात्रांची. ती जपानीत चार प्रकारे लिहिता येते आणि चारांचे चार अर्थ होतात. दोन्ही अक्षरं लांब ठेवली तर मूळ उच्चार जपला जातो. मीराबाईंचं नाव तिकडचे अभ्यासक असंच लिहितात. पहिलं लांब, दुसरं आखूड केलं की ममी. पहिलं आखूड, दुसरं लांब केलं की आरसा, कारण इंग्रजी ‘मिरर’ त्यांनी तसाच घेतलाय. आणि दोन्ही आखूड केली की सरळ परदेशी बाईचं नाव, शिवाय आकाशातला एक तारा. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

आता घोटाळा कुठे होतो ते बघ. पासपोर्टवर तू दोन ‘ई’ घालून स्पेलिंग केलंयस. बँकेतला माणूस ते बघतो, दोन ‘ई’ म्हणजे लांब ‘मी’ असं धरतो, शेवटी एकच ‘ए’ म्हणून ‘रा’ आखूड करतो, आणि सद्‌भावनेनं अचूक ममी लिहून देतो. कागदावर थोडा फरक राहतो म्हणा: ममी लिहिताना ‘मि’पुढे ‘इ’ हे अक्षर येतं, परदेशी नावात लांबी दाखवायला आडवी रेघ येते. पण नाव पुकारलं की दोन्ही एकच.

म्हणून तिला सांग, कताकानात (जपानी लोक परदेशी नावं ज्या लिपीत लिहितात तिच्यात) नाव कसं लिहायचं हे दुसऱ्या कुणावर सोडायचं नाही. दोन्ही आखूड, दोन अक्षरं, रेघ नाही. तिथल्या रहिवासी कार्डावर पासपोर्टप्रमाणे रोमन अक्षरंच येतात, त्यामुळे कताकाना काय असावं हे बरंचसं आपल्याच हातात राहतं. मात्र एकदा ठरवलं की बँक, पगाराचा फॉर्म, फोनचा करार, सगळीकडे तेच. खात्यावरचं कताकाना नाव आणि पैसे पाठवणाऱ्यानं लिहिलेलं नाव जुळलं नाही, तर रक्कम परत जाते. आणखी एक. पासपोर्टात वडिलांचं नाव तिच्या नावाला जोडून आलंय, ते कार्डावरही येणार. त्याचंही कताकाना आत्ताच ठरवून ठेवा. बहुतेकांची चूक होते ती तिथेच, कारण त्या नावाकडे कुणाचं लक्ष नसतं. बाकी कचेरीत तिला आडनावापुढे आदराचं ‘सान’ लावूनच हाक मारतील, त्यामुळे दिवसातून दहा वेळा ममी ऐकावं लागेल ही तुझी भीती तशीही फोल आहे.

आणि कोरियाचं ऐक. तिथे मिरा म्हणजे ममी, लांब-आखूडची पळवाटसुद्धा नाही. तरी मिरा हे तिथल्या बायकांचं चांगलं रुळलेलं नाव आहे. कुणी हसत नाही. आपल्याकडे छाया नावाच्या मुलीला कुणी सावली समजतं का?

तू विचारलंस, उद्या पोर आणखी कुठे गेली तर तिथे काय निघेल? बरंच निघेल, आणि बहुतेक सगळं चांगलं. रशियनमध्ये ‘मीर’ म्हणजे शांती आणि जगही. 1918च्या लिपीसुधारणेआधी हे दोन शब्द वेगवेगळ्या ‘इ’नं लिहीत, आता एकच. त्याची षष्ठी ‘मीरा’. म्हणून मॉस्कोत ‘प्रॉस्पेक्त मीरा’ नावाचा रस्ता आहे, मेट्रो स्टेशनही आहे, शांतीचा मार्ग. तिथे तिच्या नावाचीही विभक्ती होईल, आपल्या सीतेची ‘सीतेला’ होते तशी. ‘मीरू’ ऐकलं तर कुणी लाडात आलंय असं समजू नये, ती द्वितीया आहे. सर्बियात, क्रोएशियात मिरा हे मिरोस्लावाचं किंवा मिर्यानाचं घरगुती रूप. अरबीत मीरा म्हणजे शिधा, घरच्यांसाठी आणलेलं धान्य. शिवाय अमीरा आखूड करून मीरा होतंच. स्पॅनिशमध्ये मात्र ‘मिरा’ म्हणजे ‘हे बघ’, आणि ते लोक दर दोन वाक्यांना ‘हे बघ’ म्हणतात. तिची मान दुखेल मागे वळून वळून!

आता तो मघाचा तारा. नाव लॅटिनमधलं. मिरा म्हणजे अद्भुत. 1596 साली फाब्रिसियस या खगोलशास्त्रज्ञानं तो पाहिला, नंतर तो दिसेनासा झाला. 1662 मध्ये हेवेलियस या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञानं हे नाव रूढ केलं. साधारण 332 दिवसांचं त्याचं चक्र आहे. काही आठवडे नुसत्या डोळ्यांनी दिसतो, मग इतका मंदावतो की दुर्बिणीशिवाय सापडत नाही. जपानी लोक याच ताऱ्याला दोन्ही अक्षरं आखूड ठेवून मिरा म्हणतात. कुणी नाव विचारलं तर तिनं ‘ताऱ्यातली मिरा’ म्हणावं, प्रश्न मिटला.

आता आपलं स्पेलिंगचं जुनं भांडण. बारशाच्या आदल्या रात्री मी एक ‘आय’ म्हणत होते, तू दोन ‘ई’. तू रडलीस, मी उठून गेले, काकूंनी दोघींना ओरडून खाली बसवलं. सुधे, इंग्रजीपुरतं तुझं बरोबर होतं. एक ‘आय’ लिहिला असता तर कितीतरी इंग्रजांनी ‘माय्रा’ वाचलं असतं. पण जर्मन माणूस दोन ‘ई’ पाहून ‘मेऽरा’ म्हणणार, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ‘मेऽर’ म्हणजे समुद्र येणार. डच माणसाला त्याच अक्षरांत तळं दिसतं. आणि संस्कृत कोशांत ‘मीर’ म्हणजे समुद्रच दिलाय! निव्वळ योगायोग आहे हा, शब्दांचं नातं काही नाही, पण मला फार आवडतो. स्पेलिंगला मात्र आता हात लावू नका. पदवी, पासपोर्ट, व्हिसा, सगळं त्यावर आहे; एक अक्षर बदललं की प्रत्येक ठिकाणी ‘ही तीच’ हे सिद्ध करत बसावं लागेल.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? भाऊ परत आले का? घराच्या वाटणीचं वाचलं, त्यावर फोनवर बोलू, लिहून नको.

मीराला म्हणावं, फॉर्मवर कताकाना लिहिलं की पाठवण्याआधी मला फोटो टाक. दोन अक्षरं आणि रेघ नाही एवढंच बघायचंय, रात्री दीडला आला तरी चालेल.

तुझीच,
माई