लॅपटॉपच्या माहितीत न छापलेली ओळ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर येणारी नव्या लॅपटॉपची परीक्षणे मी नियमाने वाचते. त्यांत प्रोसेसरचे नाव ठळक असते, जाडी मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये दिलेले असते, कडा किती बारीक आहेत तेही सांगितलेले असते. परंतु ज्याला बेताच्या पैशांत जुना लॅपटॉप बदलायचा आहे आणि नवा पुढची सहा-सात वर्षे वापरायचा आहे, त्या वाचकाला लागणारी ओळ तेथे क्वचितच सापडते. या यंत्रातली रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, नंतर वाढवता येते का, आणि डिस्क व बॅटरी बदलता येतात का, एवढीच ती ओळ. हे पत्र तिच्यासाठी लिहीत आहे.

मी घरी बसून लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहिण्याचे काम करते. २०१७ मध्ये घेतलेला माझा लॅपटॉप चार वर्षांत इतका मंदावला की, तो सुरू होऊन पहिली फाइल उघडेपर्यंत सहा-सात मिनिटे सहज जात. दुरुस्तीसाठी नेला तेव्हा ‘प्रोसेसर जुना झाला, आता नवाच घ्या’ असा निर्वाळा मिळाला. घरी येऊन विंडोजमधला टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती कामात गुंतला आहे ते दाखवणारा तक्ता, उघडून पाहिला, तर ज्याच्यावर ठपका ठेवला होता तो प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला होता आणि डिस्कपुढे मात्र १०० टक्के हा आकडा हलायला तयार नव्हता.

याचे कारण अगदी यांत्रिक आहे. त्या काळच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क असे. तिच्या एका फेऱ्यालाच सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारी सुई योग्य वर्तुळावर सरकायला वेळ लागतो तो वेगळा. विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे असतील, तर अशी डिस्क सेकंदाला शंभर तुकडेही धड वाचू शकत नाही. आणि संगणक सुरू होताना नेमके असेच हजारो तुकडे वाचावे लागतात. एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हिच्यात काही फिरतच नाही, त्यामुळे हेच काम ती कितीतरी पटींनी लवकर उरकते. मी हार्ड डिस्क काढून तिच्याच जागी एसएसडी बसवून घेतली, ४ जीबी रॅमच्या जोडीला रिकाम्या खाचेत आणखी ४ जीबी घातली, आणि निकालात काढलेल्या त्याच प्रोसेसरवर पुढची चार वर्षे निर्वेध काम केले. हे शक्य झाले ते केवळ त्या लॅपटॉपच्या खालचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडत होते आणि आत एक खाच मोकळी होती म्हणून. घेताना मला यातले काहीही ठाऊक नव्हते. नशीब, दुसरे काय.

हे नशीब माझ्या भाच्याच्या वाट्याला आले नाही. त्याच्यासाठी घेतलेला नवाकोरा, दिसायला देखणा लॅपटॉप ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणीचा होता. विंडोज ११ची किमान अट नेमकी एवढीच आहे, म्हणून खोक्यावरचा दावा खोटा म्हणता येणार नाही. पण ती साठवण एसएसडी नसून ईएमएमसी या स्वस्त, संथ चिपच्या प्रकारची होती, आणि ती व रॅम दोन्ही मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, सोल्डर केलेल्या, म्हणजे डाख देऊन कायमच्या बसवलेल्या होत्या. वर्षभरात विंडोजच्या मोठ्या अपडेटसाठी जागा उरेना. माझा जुना लॅपटॉप दोन सुट्या भागांवर सुधारला. हा नवा असूनही सुधारता आला नाही.

आता थोडे प्रोसेसरच्या नावांविषयी, कारण जाहिरातींचा सारा भर त्यांच्यावरच असतो. इंटेलचा ‘आय ५’ म्हणजे ‘आय ३’पेक्षा सरस, ही समजूत एकाच पिढीत पुष्कळदा खरी ठरते, वेगवेगळ्या पिढ्यांत मात्र फसवी. सातव्या पिढीतल्या आय ५-७२००यू या प्रोसेसरला दोन गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग (कोर), आहेत. बाराव्या पिढीतल्या आय ३-१२१५यूला दोन जलद आणि चार काटकसरी असे एकूण सहा. एएमडी या कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या नावांची गंमत याहून निराळी आहे. रायझन ५ ७५२०यू या नावातला पहिला ७ हा आकडा २०२३ या वर्षाच्या मालिकेचा, तर तिसऱ्या जागी असलेला २ हा आतल्या झेन २ रचनेचा, आणि ती रचना २०१९ मध्ये बाजारात आलेली. शिवाय हा प्रोसेसर ज्या प्रकारची रॅम मागतो ती सोल्डर केलेलीच येते. साध्या कामाला तो वाईट नाही, परंतु ८ जीबीवर घेतला तर शेवटपर्यंत ८ जीबीच, हे घेणाऱ्याला आधी कळायला हवे.

माझा लॅपटॉप अखेर बदलावा लागला, तोही बिघाडामुळे नव्हे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून आणखी एक वर्ष सुरक्षा-अपडेट मिळण्याची सोय ठेवली आहे खरी, पण इतरांचे हिशेब ज्या यंत्रात आहेत ते असे मुदतवाढीवर चालवणे मला प्रशस्त वाटेना. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीपासून पुढचे. माझा सातव्या पिढीचा त्यात बसत नव्हता. जुन्या यंत्रावर आता विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली उत्तम चालते, आणि ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार व साधे लेखन एवढेच आहे, त्यांनी नव्याचा विचार करण्यापूर्वी ते अवश्य वापरून पाहावे. माझे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते, म्हणून माझा इलाज नव्हता.

त्याच पैशांत नवा हलका लॅपटॉप की कार्यालयीन वापरातून परत आलेला रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला, असा प्रश्न आला तेव्हा मी दुसरा घेतला. कार्यालयांसाठी बनवलेल्या थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक यांसारख्या मालिकांची बिजागरी आणि कीबोर्ड बहुधा भक्कम असतात, आणि त्यांच्या उघडणी-जोडणीच्या पुस्तिका कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात. अर्थात, त्याही मालिकांतल्या काही पातळ प्रतींमध्ये रॅम सोल्डर केलेली असते, तेव्हा नेमकी प्रत पाहूनच ठरवावे लागते. पहिल्या मालकाने बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीला, घातलेला पासवर्ड उरलेला नाही ना, हे घेण्यापूर्वीच तपासावे, नाहीतर ती डोकेदुखी पुढे आपल्या गळ्यात पडते. विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. माझ्या यंत्रात ती निम्म्यावर आली होती, म्हणून नव्या बॅटरीचा खर्च मी आधीच हिशेबात धरला. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला असेल, तर मात्र तो लॅपटॉप एक दिवसही वापरू नये.

यातली बहुतेक माहिती मला चुका करून किंवा कंपन्यांच्या बारीक अक्षरांतल्या तक्त्यांतून मिळाली. ती उघड सांगायला लावणे अशक्य नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्ती किती सुलभ आहे याचे १० पैकी गुण दाखवणे कायद्याने आवश्यक झाले. आपल्या वृत्तपत्राला त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी रॅम सोल्डर केलेली आहे की खाचेत, मोकळी खाच किती, डिस्क कोणत्या प्रकारची आणि ती बदलता येते का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे, एवढे चौकटीत छापावे, ही विनंती. परीक्षणासाठी आलेल्या यंत्राचे झाकण उघडू देण्यास एखादी कंपनी नकार देत असेल, तर त्या चौकटीत तेवढेच छापले तरी चालेल.

आपली नम्र,
एक वाचक